'बी' फॉर बेहिशेबी

थकवा आला? बी-कॉम्प्लेक्स. केस गळतायत? बायोटिन. पायाला मुंग्या? बी-१२. गोळी घ्यायला आपण सगळे एका पायावर तयार. पण बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचायला वेळ आहे कुणाला?

तुमच्या ऑफिसच्या डेस्कचा वरचा ड्रॉवर जरा उघडून बघा. व्हिजिटिंग कार्डं, टोमॅटो सॉसची पाकिटं, एक मेलेला चार्जर आणि त्या सगळ्यांच्या खाली व्हिटॅमिन 'बी'ची अर्धी संपलेली स्ट्रिप. कधी आणली, कुणी सांगितली, काही आठवत नाही. पण ती असतेच. आमच्या फ्लोअरवर तर या बाबतीत संपूर्ण समाजवाद आहे. एचआरवाली केसांसाठी बायोटिनच्या गमीज खाते, जिमला जाणारा एक टीम लीडर 'हाय पोटेन्सी' लिहिलेली बाटली टेबलावर ट्रॉफीसारखी ठेवतो आणि आमचा प्यून मामा महिना-अखेरीला केमिस्टकडून दहा रुपये कमी-जास्त करून एक पत्ता घेऊन येतो. कुणाला विचारलं तर उत्तर एकच. "अरे, ताकदीचं असतं. जास्त झालं तर निघून जातं बाहेर!"

हे 'निघून जातं' प्रकरण मला कायम खटकायचं. कारण माझा धंदाच तसा आहे. मी इंटर्नल ऑडिटमध्ये काम करते. 'काही होत नाही हो, ॲडजस्ट होऊन जातं' असं एखाद्या अकाउंटंटने म्हटलं, की आम्ही खुर्ची पुढे ओढून बसतो. ॲडजस्ट होतं ते नेमकं कुठे होतं, ते दाखवा!

आणि मग हा प्रश्न ऑफिसातून थेट आमच्या डोंबिवलीच्या घरात आला.

बाबांच्या पायाला मुंग्या येत होत्या. वय एकसष्ट, बारा वर्षांचा डायबेटिस, रोज मेटफॉर्मिन. जन्मापासून शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आधी नुसत्या बोटांना मुंग्या, मग तळपायाला, मग रात्री उठून बसण्याइतक्या. चप्पल पायातून निसटली तरी कळेना. गोळ्या चालू होत्या. एक नाही, तीन प्रकारच्या. पहिली, लाल-नारिंगी कॅप्सूल. कधीतरी तोंड आलं होतं म्हणून कोपऱ्यावरच्या केमिस्टने दिलेली आणि पुढे सवयीची झालेली. दुसरी, 'नसांची गोळी'. एका डॉक्टरांनी तीन महिन्यांसाठी लिहिलेली आणि बरं वाटतंय म्हणून चालू राहिलेली. तिसरी, न्यू जर्सीहून आत्याच्या मुलाने प्रेमाने आणलेली भलीमोठी बाटली. पुढे ठसठशीत लिहिलेलं, 'बी-१००'.

सुरुवातीला मुंग्या कमी झाल्या होत्या. ती बाटली सुरू होऊन काही महिने झाले आणि त्या परत आल्या, जास्त जोमाने. तेव्हा घरातलं एकमत काय होतं? "अशक्तपणा वाढलाय. डोस वाढवायला हवा."

एका रविवारी मी तिन्ही गोळ्या डायनिंग टेबलावर मांडल्या, लॅपटॉप उघडला आणि एक्सेल शीट बनवली.

आठ भावंडं, एक आडनाव

पहिला फंडा क्लिअर करू. 'व्हिटॅमिन बी' नावाची एकच वस्तू नसते. गेल्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांना वाटलं होतं, की पाण्यात विरघळणारा हा एकच पदार्थ आहे. मग तो खोलात शिरून तपासला, तर आत अख्खं एकत्र कुटुंब निघालं. नंबर देत देत गाडी बारापर्यंत गेली. त्यातले चार, आठ, दहा आणि अकरा नंबरवाले 'हे व्हिटॅमिन नव्हेच' म्हणून किंवा दुसऱ्याचंच नाव म्हणून यादीतून गेले. उरले आठ. बी-१ थायमिन, बी-२ रायबोफ्लेविन, बी-३ नायसिन, बी-५ पँटोथेनिक ॲसिड, बी-६ पायरिडॉक्सिन, बी-७ बायोटिन, बी-९ फोलेट आणि बी-१२ कोबालामिन.

आडनाव एक असलं, तरी स्वभाव वेगवेगळे. गरज वेगळी, साठवण वेगळी, आणि जास्त झालं तर होणारा त्रासही वेगळा. रायबोफ्लेविन जास्त झालं तर लघवी गडद पिवळी होते, बस्स. तेच तुमचं 'निघून जातं'. पण एका भावाने उधारी वेळेत फेडली म्हणून दुसऱ्यालाही डोळे मिटून कर्ज द्यायचं नसतं!

आणखी एक गोष्ट. 'एनर्जी' हा शब्द बाटलीवर हमखास असतो. 'बी' गटातली व्हिटॅमिन्स शरीरात अन्नाची ऊर्जा करायला मदत करतात, हे खरं. पण ती स्वतः ऊर्जा देत नाहीत. तुमच्यात कमतरता नसेल, तर जास्तीच्या गोळीने जास्तीची तरतरी येत नाही. रात्री दोनपर्यंत सिरीज बघून सकाळी ७.५४ची फास्ट पकडणाऱ्याला जे कमी पडतंय, त्याचं नाव झोप.

लाखात की कोटीत?

बॅलन्स शीट हातात आली, की आम्ही आधी वरचा कोपरा बघतो. रुपये लाखात की कोटीत? तिथे चुकलात तर पुढचं सगळं चुकतं. लेबलवरही तसंच. काही व्हिटॅमिन्स मिलिग्रॅममध्ये असतात, काही मायक्रोग्रॅममध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. त्यामुळे '१५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड' आणि '१.५ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड' हे एकच. पण दोन वेगळ्या पाकिटांवर वाचलं तर डोक्यात बेरीज होत नाही.

मी सगळं एका युनिटमध्ये आणलं आणि बेरीज केली. बाबांच्या शीटवरच्या तीन ओळी अशा होत्या.

बी-१२ : कॅप्सूलमध्ये १५, नसांच्या गोळीत १५००, अमेरिकन बाटलीत १००. एकूण १६१५ मायक्रोग्रॅम. माणसाची रोजची गरज? साधारण दोन-अडीच मायक्रोग्रॅम.

फोलिक ॲसिड : १.५ अधिक १.५ अधिक ०.४, म्हणजे ३.४ मिलिग्रॅम. गरज ०.३ ते ०.४. गोळ्यांमधून घ्यायची वरची मर्यादा मोठ्या माणसाला १ मिलिग्रॅम.

बी-६ : ३ अधिक ३ अधिक १००, म्हणजे १०६ मिलिग्रॅम. गरज दोनच्याही आत.

अमेरिकन बाटलीच्या मागे प्रत्येक घटकासमोर टक्केवारी छापलेली होती. बी-१ : ८,३३३ टक्के. बी-६ : ५,८८२ टक्के. बाबा कौतुकाने म्हणाले, "बघ, तिकडचा माल कसा असतो!" मी म्हटलं, "बाबा, एखाद्या डिपार्टमेंटने बजेटच्या ५,८८२ टक्के खर्च केला, तर तुम्ही त्याचं कौतुक कराल की चौकशी लावाल?" बाबा आयुष्यभर बँकेत होते. ते एकदम गप्प झाले.

बी-१२ : खिशात किती, खात्यात किती?

आधी सगळ्यात गरजेच्या भावाकडे वळू. बी-१२ना झाडं बनवतात, ना प्राणी. ते बनवतात जिवाणू आणि आपल्यापर्यंत ते येतं मांस, मासे, अंडी आणि दूध-दही यांतून. म्हणजे शाकाहारी माणसाचा सगळा भार दुधावर. कपभर दुधात सव्वा मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ असतं. दोन कप दूध रोज पोटात जात असेल तर गणित जमतं. कटिंग चहातलं दोन चमचे दूध त्यात धरू नका, मंडळी! आणि स्पिरुलिनावर विसंबू नका. त्यात मुख्यतः बी-१२सारखं दिसणारं, पण आपल्या शरीराला न चालणारं रूप असतं. ऑडिटच्या भाषेत, बनावट व्हाउचर.

हा प्रश्न आपल्याकडे किती मोठा आहे, हे पुण्यानेच दाखवून दिलंय. केईएम हॉस्पिटल, पुणे इथल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने २००६मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४४१ पुरुष तपासले; काही गावातले, काही झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गातले. एकूण ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात? ८१ टक्के. म्हणजे आपणच, बॉस!

त्यात दोन औषधं भर घालतात. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं तर बी-१२ कमी होऊ शकतं. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी तर २०२२मध्ये डॉक्टरांना सांगितलं, की मेटफॉर्मिनवरच्या पेशंटमध्ये अशी लक्षणं दिसली तर बी-१२ तपासा. दुसरं म्हणजे ॲसिडिटीची गोळी. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल ही मंडळी पोटातलं आम्ल कमी करतात, आणि अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला तेच आम्ल लागतं. रोज सकाळी उपाशीपोटी ती गोळी घेणारे तिशीतले किमान तीनजण मी माझ्याच टीममध्ये मोजलेत.

आता डोस. गरज अडीचची आणि गोळी १५००ची, हा वेडेपणा नाही का? नाही. इथे गंमत आहे. आपल्या आतड्यात बी-१२ उचलणारी जी खास यंत्रणा आहे, ती एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम उचलते. विराटचा शेवटचा दरवाजा समजा. ठराविक माणसं आत, बाकीची फलाटावर. वरचं जे काही मिळतं ते हळूच झिरपून, साधारण टक्काभर. त्यामुळे ५०० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून अंदाजे १० मायक्रोग्रॅम अंगी लागतं आणि १००० मधून १३. आकडा दुप्पट, पण फायदा तीन मायक्रोग्रॅमचा! म्हणून कमतरता भरून काढायला मोठा डोस लागतो, हे बरोबर. पण दीड हजारवाली गोळी पाचशेवालीच्या तिप्पट 'स्ट्राँग' नसते.

'मिथाइल' की 'सायनो', हा सध्याचा आवडता वाद. मिथाइलकोबालामिन महाग, सायनोकोबालामिन स्वस्त आणि टिकाऊ. दोन्ही शरीरात गेल्यावर आधी मोडली जातात आणि मग शरीर हवं ते रूप बनवतं. साध्या कमतरतेसाठी स्वस्तातली गोळीही काम करते. नावासमोर 'ॲक्टिव्ह' लिहिलंय म्हणून दुप्पट पैसे मोजायची घाई नको.

बी-१२ जास्त घेतल्याने अपाय झाल्याचा ठोस पुरावा नसल्याने त्याला वरची मर्यादा ठरवलेली नाही. म्हणजे बाबांच्या शीटवरची ही ओळ मोठी दिसली, तरी घातक नव्हती. आमचा खरा 'ऑब्जेक्शन' पुढच्या दोन ओळींवर होता.

परळच्या बायका आणि यीस्टचा डबा

माझं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या बिल्डिंगमध्ये. फोलिक ॲसिडची गोष्ट सुरू होते ती इथूनच, चालत जाण्याच्या अंतरावर. लूसी विल्स नावाची ब्रिटिश डॉक्टर १९२८मध्ये मुंबईला आली आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागली. गिरणगावातल्या गरोदर बायकांना एक विचित्र ॲनिमिया व्हायचा, त्यात रक्ताच्या पेशी मोठाल्या दिसायच्या आणि जीवही जायचे. विल्सबाईंनी बरंच काही करून पाहिलं आणि शेवटी लागू पडलं ते मार्माइट, म्हणजे ब्रेडला लावायचा यीस्टचा स्वस्त अर्क. १९३१मध्ये त्यांनी हे छापलं. त्या अर्कात जे काही होतं, ते पुढे १९४१मध्ये पालकाच्या पानांतून वेगळं केलं गेलं. पान म्हणजे लॅटिनमध्ये 'फोलियम', म्हणून फोलिक ॲसिड. आणि ते प्रयोगशाळेत बनवलं अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीतल्या टीमने. तिचे प्रमुख होते आपले भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

आता या गोष्टीचा ट्विस्ट. बी-१२च्या कमतरतेतही ॲनिमिया तसाच दिसतो. १९४०च्या दशकात डॉक्टरांनी अशा पेशंटना फोलिक ॲसिड दिलं. रक्त सुधारलं! हिमोग्लोबिन वर आलं, पेशी नीट दिसायला लागल्या. पण नसा मात्र बिघडतच राहिल्या. कारण नसांना हवं होतं बी-१२, आणि फोलिक ॲसिडने फक्त रक्ताचा रिपोर्ट छान करून दिला. आमच्या धंद्यात याला 'विंडो ड्रेसिंग' म्हणतात. मार्चअखेरीला आकडे चकाचक, आत कंपनी पोकळ.

१ मिलिग्रॅमची मर्यादा आली ती याच कारणाने. लाल-नारिंगी कॅप्सूलमध्ये काय होतं आठवतं? बी-१२ फक्त १५ मायक्रोग्रॅम, आणि फोलिक ॲसिड १५०० मायक्रोग्रॅम. बाबांनी ती वर्षानुवर्षं घेतली. दरवर्षीच्या चेकअपमध्ये हिमोग्लोबिन नॉर्मल यायचं आणि आई निर्धास्त व्हायची. बी-१२ कुणी तपासलंच नव्हतं.

एक मात्र नक्की लक्षात ठेवा. बाळाचा विचार चालू असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांनी दिलेली फोलिक ॲसिडची गोळी बिलकुल थांबवायची नाही. बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी ती लागतेच, आणि ती आधीपासून घ्यायची असते.

मुंग्यांचं कोडं

आणि आता बी-६. माझी झोप उडवली ती या ओळीने.

१९८३मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये सात पेशंटची कहाणी छापून आली. सातहीजण बी-६ भरपूर घेत होते, रोज २ ते ६ ग्रॅम. पायांतली संवेदना गेलेली, चालताना तोल जाणारा. गोळी बंद केल्यावर सुधारणा झाली. तोपर्यंत समज हाच होता, की पाण्यात विरघळणारं व्हिटॅमिन आहे, काय करणार? जास्त झालं तर निघून जातं!

तो डोस अवाच्या सवा होता हे खरं. पण पुढे कमी डोसवरही, महिनोन् महिने घेतल्यावर, त्रास झाल्याची उदाहरणं येत गेली. अमेरिकेची वरची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम आहे. युरोपची २५ होती, ती २०२३मध्ये १२वर आणली गेली. ऑस्ट्रेलियात २०२२पासून रोजच्या डोसमध्ये १०पेक्षा जास्त बी-६ असेल, तर लेबलवर इशारा छापावा लागतो. बाबांची बेरीज १०६. अमेरिकेच्या मर्यादेच्याही थोडी वर, आणि युरोपच्या जवळपास नऊपट.

पण खरी भीती आकड्याची नाही, लक्षणांची आहे. बी-१२ कमी पडलं तर काय होतं? पायाला मुंग्या. डायबेटिस नसांपर्यंत पोचला तर? पायाला मुंग्या. आणि बी-६ जास्त झालं तर? पायाला मुंग्या! दुखणं आणि औषधाचा अतिरेक यांची तक्रार एकच. म्हणजे माणूस मुंग्या येतात म्हणून गोळी घेणार, गोळीने मुंग्या वाढणार, आणि मुंग्या वाढल्या म्हणून तो आणखी एक गोळी घेणार. एखाद्या खात्यात खर्च वाढला की तूट वाढते आणि तूट वाढली म्हणून आणखी निधी, असा हा चक्रीय घोटाळा. यात कुणीही चोर नाही. केमिस्टने दिली तेव्हा तोंड आलेलंच होतं. डॉक्टरांनी लिहिली ती तीन महिन्यांसाठीच होती. आत्याच्या मुलाचं तर प्रेम होतं. प्रत्येक व्हाउचर बरोबर, फक्त बेरीज कुणी केली नव्हती.

ती शीट प्रिंट करून आम्ही न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. डॉक्टरबाईंनी ती दोनदा वाचली आणि बाबांना विचारलं, "काका, या गोळ्या सुरू करण्याआधी बी-१२ तपासलं होतं का?" नव्हतं. आता तपासलं, तर रिपोर्ट आला 'दोन हजारच्या वर'. साहजिकच. एवढ्या गोळ्या पोटात असताना रक्तातलं बी-१२ भरलेलंच दिसणार. आधी ते किती होतं, हे आता कुणालाच कळणार नाही. बी-६ही तपासलं, ते हाय निघालं. नसांची तपासणी झाली. त्यात नसांचं नुकसान दिसलं, पण ते कुणामुळे, याचं नाव त्यावर लिहिलेलं नसतं.

बाईंनी कॅप्सूल आणि बी-१०० बंद केली, नसांची गोळी बंद केली आणि फक्त बी-१२ची एक साधी गोळी ठेवली. मेटफॉर्मिन चालू, साखरेवर आणखी लक्ष. "सुधारेल," त्या म्हणाल्या, "पण नसा सरकारी खात्यासारख्या असतात. महिने लागतील."

सात-आठ महिने लागले. मुंग्या आता घोट्याच्या खाली, बोटांपुरत्या आहेत. बाबा रात्रभर झोपतात. चप्पल निसटली की कळतं. बी-६ थांबल्याने फरक पडला, बी-१२ भरल्याने, की साखर आटोक्यात आल्याने? डॉक्टरबाई छातीठोकपणे काही सांगत नाहीत, आणि मला त्यांचं हेच आवडतं. पण एक गोष्ट त्या ठामपणे सांगतात. आधी रक्त, मग गोळी. उलटं केलंत तर पुरावा नष्ट होतो.

आणि ते बायोटिन?

केसांवर जीव असणाऱ्यांनी इकडे लक्ष द्या. बायोटिनची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम. केसांच्या गोळ्यांवर सर्रास १०,००० मायक्रोग्रॅम असतं. खरी कमतरता फार क्वचित आढळते, आणि कमतरता नसताना बायोटिनने केस दाट होतात याला भक्कम आधार नाही. पण भानगड वेगळीच आहे. रक्ताच्या बऱ्याच तपासण्यांमध्ये बायोटिनचाच वापर केलेला असतो. त्यामुळे रक्तात ते जास्त असलं, तर थायरॉइडचा किंवा हार्ट ॲटॅकच्या निदानासाठीच्या ट्रोपोनिनचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७मध्ये तसा इशारा दिला. त्यात बायोटिनमुळे ट्रोपोनिन खोटं कमी आल्यानंतर एक पेशंट दगावल्याचाही उल्लेख होता. रक्त द्यायला जाताना लॅबवाल्याला आणि डॉक्टरला सांगा, की मी ही गोळी घेतो. एवढं तर कराल?

लेबल वाचा, ऑडिटरसारखं

• पुढची बाजू जाहिरात, मागची बाजू हिशेब. 'ॲडव्हान्स्ड', 'मॅक्स', 'हाय पोटेन्सी' हे शब्द पुढे असतात, आकडे मागे.

• 'सर्व्हिंग साइझ' बघा. आकडा एका गोळीचा आहे की दोन गमीजचा?

• मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम? सगळं एका युनिटमध्ये आणा.

• तीन आकडे आधी शोधा : बी-१२ पुरेसं आहे का, बी-६ दहाच्या आत आहे का, आणि फोलिक ॲसिड १ मिलिग्रॅमच्या आत आहे का.

• 'प्रोप्रायटरी ब्लेंड' म्हणून सगळ्याची एकच गोळाबेरीज दिली असेल, तर पाकीट परत ठेवा. खर्चाचा तपशील न देणारं बिल तुम्ही पास कराल का?

• इनॉसिटॉल, कोलीन, पाबा ही नावं 'बी'च्या रांगेत बसवलेली असतात. ती पाहुणी मंडळी, घरची नव्हेत.

• एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं लिहिलं असेल, तर ते हेल्थ सप्लिमेंट आहे, औषध नव्हे. त्याच्याकडून दुखणं बरं होण्याची अपेक्षा ठेवू नका.

• एनर्जी ड्रिंक, प्रोटीन पावडर, मल्टिव्हिटॅमिन यांच्यातही 'बी' असतं. बेरीज करताना त्यांना विसरू नका.

• डॉक्टरांनी लिहिलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. यादी घेऊन जा आणि विचारा.

मला विचाराल तर, 'बी' गटातल्या गोळ्या वाईट नाहीत. बी-१२ची साधी गोळी ही शाकाहारी माणसासाठी फार मोठी सोय आहे, आणि आपल्यापैकी अनेकांना तिची खरोखर गरज असेल. पण ती गरज तपासणीतून कळते, शेजाऱ्याच्या अनुभवातून नाही. बी-१२चा रिपोर्ट २००च्या खाली असेल तर डॉक्टर गाठा. दोनशे-तीनशेच्या मध्ये असेल तरी एकदा विचारा, कारण त्या पट्ट्यात आणखी एखादी तपासणी लागू शकते.

आणि या वीकेण्डला घरी जाल तेव्हा एक करा. आई-बाबांच्या गोळ्यांचा तो प्लास्टिकचा डबा मागून घ्या, सगळ्या पत्त्यांची मागची बाजू वाचा आणि एका कागदावर बेरीज करा. अर्धा तास लागतो. आपण कंपन्यांच्या पैशांसाठी तिमाहीला एकदा एवढं करतो. ज्यांनी आपल्याला बेरीज शिकवली, त्यांच्यासाठी वर्षातून एकदा करायला काय हरकत आहे?